अण्णांची राजदूत

आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुठलीही वस्तू एकदम मरत नाही. ती हळूहळू दुसरी वस्तू होत जाते. लुगडं विरलं की त्याची गोधडी होते, गोधडी फाटली की तिची चुंबळ होते आणि चुंबळीचाही जीव संपला की तिचं पोतेरं होतं. सायकल मोडली तर तिच्या तारांवर स्वेटर विणले जातात. डालड्याच्या डब्यात तुळस वाढते. ज्या मुलखात पाऊस शहरातल्या पाहुण्यासारखा वागतो, म्हणजे येतो म्हणून कळवतो आणि येत नाही, त्या मुलखात वस्तू टाकून देण्याची चैन परवडत नाही. त्यातून ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला, दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्या पिढीच्या हातून वाकडा खिळासुद्धा फेकला जात नाही. तो सरळ केला जातो. सरळ करताना तुटला तर एकाचे दोन खिळे झाले, असा हिशेब असतो.

या नियमाला धरून आमच्या अण्णांची राजदूत मोटारसायकल २००४ सालीच मोटारसायकल म्हणून निवृत्त झाली होती. अण्णा पशुसंवर्धन खात्यात होते. कागदावर त्यांचं पद पशुधन पर्यवेक्षक. भूम-परंड्याच्या खेड्यापाड्यांत मात्र ‘ढोराचे डॉक्टर’. १९७९ साली त्यांनी ही गाडी घेतली, पंचवीस वर्षं तिच्यावरून म्हशी, बैल आणि उस्मानाबादी शेळ्या यांच्या घरभेटी केल्या आणि ज्या दिवशी स्वतः निवृत्त झाले, त्याच दिवशी ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावून चावी खिळ्याला अडकवली. मग तिचं रूपांतर सुरू झालं. पहिली दोन वर्षं हँडलवर टॉवेल वाळायचे. पुढं सीटवर आईच्या कुरडयांचं ताट आलं. कॅरिअरला दोरी बांधून तिचं दुसरं टोक शेवग्याला गेलं. शेवटी शेजारच्या कोंबडीनं सीटच्या फाटक्या जागेत अंडी घातली आणि गाडीला प्रथमच स्वतःचा संसार लाभला. थोडक्यात, राजदूत ही आमच्या घरातली सर्वांत उपयोगी वस्तू झाली. ती चालत नव्हती, एवढंच.

आताच्या मुलांना राजदूत म्हणजे परराष्ट्र खात्यातला माणूस वाटतो, म्हणून थोडं सांगायला हवं. ही गाडी मूळची पोलंडची. तिथल्या एसएचएल एम-११ नावाच्या गाडीवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं ती आपल्याकडे बनवली. इंजिन १७३ सीसी, टू-स्ट्रोक, गिअर तीन. १९७३च्या ‘बॉबी’त तिचीच एक बुटकी बहीण ऋषी कपूर आणि डिंपलला घेऊन पळाली आणि देशातल्या कॉलेजकुमारांची झोप उडाली. आमच्याकडे मात्र तिच्यावर डिंपल कधी बसली नाही. बसले ते दुधाचे कॅन. भूमचा खवा नावाजलेला, त्यामुळे तिकडच्या दूधवाल्यांची ती लाडकी गाडी. नावाची गंमत अशी की, ‘अँबॅसडर’ आणि ‘राजदूत’ यांचा अर्थ एकच; पण इंग्रजी नावाच्या गाडीतून कलेक्टर फिरायचे आणि आपल्या भाषेतल्या नावाच्या गाडीवरून दूध. १९८५ नंतर लिटरला कितीतरी जास्त पळणाऱ्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि या फटफट्या एकेक करून शेडमध्ये गेल्या.

आमचीही कायमची गेली असती. पण या संक्रांतीला घराचा मागचा भाग पाडून पक्का बांधायचं ठरलं. गुत्तेदार म्हणाला, ‘‘पाडव्याच्या आत शेड मोकळं करून द्या.’’ धाकट्याचा पुण्याहून फोन आला, ‘‘दादा, ती गाडी भंगारात दे. चार हजार तरी येतील.’’ दुसऱ्याच दिवशी भंगारवाला दारात. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टाकीवर टिचकी मारली आणि कोंबडीसकट भाव सांगितला.

अण्णा ओसरीवर खुर्चीत होते. ते उठले, गाडीपाशी गेले, हँडलवरचा टॉवेल काढून नीट घडी घातला आणि आत निघून गेले. बोलले काहीच नाहीत. फक्त त्या दिवशी चार वाजता त्यांनी चहा घेतला नाही. अण्णांनी चारचा चहा चुकवलेला मला दोनदाच आठवतो. एकदा त्यांचे वडील वारले तेव्हा, आणि एकदा ३० सप्टेंबर १९९३ला, किल्लारीच्या भूकंपाच्या दिवशी, सास्तूरकडे निघाले होते तेव्हा.

मग माझ्या लक्षात आलं की, आमच्याकडे वस्तूंचं होतं तेच निवृत्त माणसाचंही होतं. ढोरांचे डॉक्टर गेल्या वीस-बावीस वर्षांत आधी दूध घेणारे झाले, मग लाइटबिल भरणारे झाले, मग नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणारे झाले. नातू मोठा झाला, बिलं मोबाइलवर भरली जाऊ लागली, दूध पिशवीतून येऊ लागलं. आता अण्णा ‘कुरिअरवाला आला तर घरात कुणीतरी असावं’ म्हणून होते. शेडमधली आणि ओसरीवरची अशा दोन वस्तू एकमेकींकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यातली एक भंगारात गेल्यावर दुसरीनं कुणाकडे बघायचं?

मी भंगारवाल्याला परत पाठवलं आणि सौभाग्यवतींकडे अर्थसंकल्प मांडला. आमच्या घरी अर्थखातं त्यांच्याकडे आहे. माझ्याकडे फक्त टीका सहन करण्याचं खातं आहे.

‘‘किती लागतील?’’

‘‘वीस हजार.’’

‘‘पंधरा. आणि मामांना आधी सांगू नका. नाही झाली चालू तर जिवाला लावून घेतील.’’

मामांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, न सांगता त्यांच्याच डोळ्यांसमोर अंगणात मोटारसायकल खोलणं, ही कामगिरी तुम्हांला वाटते तितकी अवघड नाही. अण्णा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून पेपर वाचू लागले. पेपर तीन तास एकाच पानावर होता.

मदतीला वस्ताद आले. वस्ताद म्हणजे गावातले जुने मिस्त्री. वय सत्तरीच्या पुढं, हात किंचित थरथरणारे. पण त्या हातात पाना आला की थरथर पान्यात जाते आणि नट आपोआप सुटतो. त्यांनी गाडीची किक दाबून पाहिली. ती दगडासारखी. ‘‘साहेब,’’ वस्ताद म्हणाले, ‘‘इंजिन मरत नसतंय. रुसतंय.’’ आणि प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं. ‘‘चार दिवस पाजा. जबरदस्ती करायची नाही.’’ चौथ्या दिवशी किक खरोखरच वितभर खाली गेली. रुसलेल्या माणसांवर हा उपाय का चालत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मग घरकाम सुरू झालं. सुटा झालेला प्रत्येक नट-बोल्ट डिझेलनं धुऊन मिसळणाच्या डब्यात ठेवायचा. हळदीच्या वाटीत वॉशर, जिऱ्याच्या वाटीत स्क्रू, मोहरीच्या वाटीत छर्रे. डबा जुना होता. तरीही आठवडाभर आमटीला डिझेलचा वास येतो, असा आरोप जेवणाच्या प्रत्येक पंगतीत झाला. टाकीत आतून गंज धरला होता. त्यावर उपाय असा की, टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नट टाकायचे आणि ती हलवत राहायची. तासन् तास टाकी हातानं हलवणं पन्नाशीच्या माणसाला झेपणारं नाही, म्हणून मी तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तीत टाकी निजवली आणि दोरीनं झोके देऊ लागलो. आई देवळातून आली, दारातच थबकली. घरात पाळणा हलावा म्हणून तिनं तुळजाभवानीला साकडं घातलं होतं. ‘‘आईसाहेबांनी ऐकलं,’’ ती म्हणाली, ‘‘पण जरा बारकाईनं सांगायला पाहिजे होतं.’’

टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये वर्षानुवर्षांचं जळकं ऑइल काळ्या राळेसारखं चिकटतं आणि तिचा श्वास कोंडतो. ती जाळूनच काढावी लागते. मुहूर्त आयताच मिळाला. गल्लीतल्या होळीत यंदा एरंडाबरोबर राजदूतच्या सायलेन्सरची नळीही उभी राहिली. धूर असा काही निघाला की, लोकांनी होळीला नारळ वाहायच्या आधी माझ्याकडे बघून बोंब मारली.

बाहेरची कामं वस्तादांनी सोलापुरातून करून आणली. खर्चाची वही सौभाग्यवतींच्या हातात गेली ती अशी: टायर-ट्यूब ३,६००, बोअर आणि पिस्टन १,९००, क्रँकचं काम २,२००, पॉइंट-कंडेन्सर-प्लग ५४०, सहा व्होल्टची बॅटरी ७५०, चेन-चक्र १,१५०, केबली ३८०, सीटचं कव्हर ६००, रंगकाम २,४००. एकूण १३,५२०. उरलेले १,४८० रुपये चहावर. पंधरा हजारांत गाडी बसवली म्हणून मी छाती फुगवली. पण तिनं शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, ‘‘गाडी पेट्रोलवर चालते की चहावर?’’

कागदांचा खर्च मी यात दाखवला नव्हता. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ती आमची २००४ सालीच थांबलेली. जुन्या गाड्यांनाही आता नवी सुरक्षा पाटी लागते, तिचे ४५० रुपये आणि वर कर. अण्णांचं नोंदणीपुस्तक उघडलं तर त्यावर जिल्हा उस्मानाबाद. गाडी घेतली तेव्हा लातूरसुद्धा याच जिल्ह्यात होतं. १९८२ साली ते वेगळं निघालं. २०२३ साली जिल्ह्याचं नावही बदलून धाराशिव झालं. म्हणजे गाडी तीच राहिली, जिल्हा मात्र तिच्या भोवती दोनदा बदलला.

पेट्रोल आणायला कॅन घेऊन पंपावर गेलो. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, लिटरमागं पन्नास मिली. पूर्वी पंपावर मिसळूनच द्यायचे. आताचा पोरगा माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, ‘‘काका, ऑइल पेट्रोलात कशाला ओतायलाव? इंजिनचं भोक वायलं असतंय की!’’ घरी येऊन मी सहज बोललो की, हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, उसापासूनही काढतात, जुन्या रबराला सोसत नाही. तेवढ्यात भिंतीकडून, पेपरच्या आडून, दोन महिन्यांत पहिलं वाक्य आलं:

‘‘जन्मभर तिनं कधी घेतली नाही. आता म्हातारपणी पाजायलास?’’

पाडव्याच्या आदल्या दिवशी वस्तादांनी ‘बिस्मिल्ला’ म्हणून आणि आईनं गाडीवरून लिंबू उतरवून किक मारायची परवानगी दिली. सातव्या किकला राजदूत बोलली. तो आवाज शब्दांत लिहिता येत नाही. ज्यांनी ऐकला आहे त्यांना लिहायची गरज नाही. निळा धूर घरभर झाला. कोंबडी कुटुंबासह शेवग्यावर गेली. गल्लीतली माणसं बाहेर आली. अण्णांनी खुर्ची फिरवली.

मी मागच्या मोकळ्या प्लॉटिंगात गाडी फिरवू लागलो. दहा मिनिटं झाली आणि गाडी खोकली, अडखळली, बंद पडली.

आमच्याकडे बंद पडलेल्या गाडीला माणसांची कधीच कमतरता नसते. पाण्याचा टँकर आल्यावर जमत नाहीत तितक्या वेगानं तज्ज्ञ जमले. शेजारचे निवृत्त वायरमन म्हणाले, ‘‘प्लग.’’ प्लग काढला, पुसला, बसवला. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहिलं. किक मारली, गाडी चालू! वायरमननी गर्दीकडे पाहिलं. दहा मिनिटांनी गाडी बंद. चिरंजीव मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत म्हणाले, ‘‘कार्ब्युरेटरचा जेट.’’ जेट फुंकला. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. किक मारली, गाडी चालू! दहा मिनिटांनी बंद. वस्तादांना जरा अपमान वाटला. ‘‘गरम झाल्यावर बसते म्हणजे कंडेन्सर,’’ म्हणत त्यांनी तोही बदलला. पेट्रोल पाहिलं. गाडी चालू. दहा मिनिटं. बंद.

आता तीन तज्ज्ञ, तिघांचाही इलाज लागू पडलेला आणि रोगी मात्र तिथंच, असा पेच झाला. तिघंही आपापला इलाज बरोबर होता म्हणून भांडू लागले. हे दृश्य मोठ्या इस्पितळांत पाहायला मिळतं असं ऐकून आहे; आमच्याकडे प्लॉटिंगातच पाहायला मिळालं.

तेव्हा अण्णा खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात ठेवत सावकाश आले. लोक बाजूला झाले. गाडीकडे त्यांनी पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

‘‘केव्हापासून असं करायली?’’

मला हा प्रश्न ओळखीचा वाटला. लहानपणी त्यांच्यामागं कॅरिअरवर बसून कितीतरी गोठ्यांत गेलो होतो. जनावर बोलत नसतं, म्हणून मालकाला विचारायचं, हा त्यांचा नियम.

‘‘दहा-दहा मिनिटांनी, अण्णा.’’

‘‘दरवेळी चालू करायच्या आधी काय करता?’’

‘‘प्लग, जेट, कंडेन्सर...’’

‘‘ते वेगवेगळं झालं. दरवेळी सारखं काय करता?’’

सगळे गप्प. चिरंजीव हळूच म्हणाले, ‘‘आबा, झाकण उघडून पेट्रोल बघतो.’’

‘‘हं,’’ अण्णा म्हणाले. त्यांनी टाकीच्या डाव्या अंगाला तळवा टेकवला, म्हशीच्या कुशीला टेकवायचे तसा. ‘‘पोटाचा विकार आहे. दाभण आण.’’

दाभण आलं. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरत जातं तशी वर हवा आत यावी लागते. नाहीतर बोटानं तोंड दाबून धरलेल्या नळीतलं पाणी जसं अडून राहतं, तसं पेट्रोल टाकीत अडून राहतं. त्या भोकात वीस वर्षांची धूळ बसली होती आणि वर नव्या पॉलिशचा लेप. झाकण उघडलं की हवा आत जायची, दहा मिनिटांची सोय व्हायची. प्लग, जेट आणि कंडेन्सर बिचारे विनाकारण मोठेपण घेत होते. अण्णांनी दाभणाचं टोक भोकात घालून हलकेच फिरवलं. ‘सुस्स’ असा आवाज आला.

‘‘बैलाचं पोट फुगलं की डाव्या कुशीत टोचून वारं बाहेर काढायचं,’’ अण्णा चिरंजिवांना म्हणाले. ‘‘हिचं आत घ्यायचं. एवढाच फरक.’’

त्यानंतर गाडी पेट्रोल संपेपर्यंत बंद पडली नाही. वस्तादांनी पान्याचा हात कपाळाला लावून ‘‘डॉक्टरसाहेब!’’ म्हटलं आणि वायरमन ‘‘मला आधीच शंका होती’’ असं म्हणत घरी गेले.

अण्णांनी गाडी चालवली का, असं लोक मला विचारतात. नाही. ऐंशीच्या घरातले गुडघे आणि राजदूतची किक यांची सोयरीक कोण जमवणार? पण ते रोज सकाळी ती चालू करायला लावतात, पाच मिनिटं टाकीवर हात ठेवून उभे राहतात आणि ‘‘ताप नाही’’ म्हणून बंद करायला सांगतात. कागद तयार झाले की मागच्या सीटवर बसून भूमला जायचं त्यांनी जाहीर केलं आहे. तिकडे कुणाकुणाला भेटायचं याची यादी मोठी होती. त्यातले कोण उरले आहेत ते फोनवर विचारता विचारता ती लहान झाली. पण जायचं ठरलेलं आहे.

पाडव्याला धाकट्याचा पुण्याहून फोन आला. ‘‘दादा, ते भंगार गेलं का?’’ मी काही बोलायच्या आत अण्णांनी फोन घेतला.

‘‘गेलं,’’ ते म्हणाले. ‘‘चार हजाराला. मीच घेतलं.’’

आणि खरोखरच पेन्शनमधले चार हजार त्यांनी मोजून सौभाग्यवतींच्या हातात ठेवले. तिनं ते अर्थखात्यात जमा करून घेतले. गुत्तेदाराला नव्या बांधकामात जिन्याखाली एक जागा वाढवायला सांगितली आहे. ही बातमी गल्लीबाहेर गेल्यापासून सकाळी आमच्या दारात कुणाची मोपेड असते, कुणाची जुनी स्कूटर. परवा तर एक जण काळी शेळी घेऊन आला. अण्णांनी दोघींनाही तपासलं. फी घेत नाहीत. उलट आलेल्या प्रत्येकाला चहा पाजतात. कुरिअरवाला आला तर घरात आता नेहमीच कुणीतरी असतं. चहाचा आकडा मात्र बजेटच्या फार बाहेर गेला आहे आणि अर्थखात्यानं अजून त्यावर एक अक्षरही काढलेलं नाही.